सायकलवरचं कंपनीचं नाव काढताय? आधी थर ओळखा, मग हात लावा

दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी सायकल घेऊन आमच्या दारात उभं राहतं. फ्रेमवर अर्धवट सोललेलं नाव, भोवती ओरखडे आणि धूळ बसून काळा पडलेला डिंक. ‘कोरी करायची होती हो, पण...’ त्या ‘पण’पुढची गोष्ट ठरलेली असते. कुणी ब्लेड लावलेलं असतं, कुणी थिनर. काम अवघड नाही. एका सकाळचं आहे. पण लोक शेवटची पायरी पहिली करतात आणि मग रंगवाल्याला शोधत फिरतात.

मी लातूरला राहतो. खाली दिलेले वेळेचे आणि उन्हाचे अंदाज इथले आहेत. परभणी, नांदेड, बीडकडेही तेच चालतील.

१. काढायच्या आधी झाकून बघा

कोरी सायकल चांगली दिसते की नावाची, याचं उत्तर प्रत्येक सायकलचं वेगळं असतं. ते डोळ्यांनी बघून ठरवा. निघालेलं स्टिकर परत लागत नाही.

स्टेशनरीच्या दुकानातून फ्रेमच्या रंगाच्या जवळपासचा घोटीव कागद आणा. नावापेक्षा दोन बोटं लांब पट्टी कापून नळीभोवती गुंडाळा आणि सेलोटेप फक्त कागदाला कागद जोडण्यापुरती लावा. टेप रंगाला लागता कामा नये. लोक इथंच पहिली चूक करतात. मास्किंग टेप सरळ रंगावर चिकटवून सायकल दोन दिवस अंगणात ठेवतात. आपल्याकडच्या उन्हात टेपचाच डिंक भाजून बसतो आणि एकाऐवजी दोन डिंक काढावे लागतात.

आता सायकल पांढऱ्या भिंतीला टेकवा, चेनची बाजू समोर ठेवा, दहा पावलं मागं जाऊन फोटो काढा. मग एकेक पट्टी सोडवत फोटो काढत जा. रात्री निवांत बघा.

माझं मत विचाराल तर बारीक गोल नळ्यांची, एकरंगी सायकल कोरी फार सुंदर दिसते. नळी दिसते, जोड दिसतात, रंग दिसतो. हल्लीच्या जाड ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं मात्र उलटं आहे. तिरपी नळी मनगटापेक्षा जाड असते, ग्राफिक्स धरूनच ती आखलेली असते. नाव काढलं की ती अजून जाड दिसते, मुंडण केल्यासारखी. आणि काळी बावीस इंची सायकल? तिच्या चेनकव्हरवरचं नाव आणि हँडलखालचा बिल्ला काढला तर ती कोरी दिसत नाही, भंगारातून आणल्यासारखी दिसते. तिला हात लावू नका.

बऱ्याच जणांना सगळी नावं नको असतात असं नाही, पुनरुक्ती नको असते. भाच्याच्या सायकलवर मी नावं मोजली होती. फ्रेम, फोर्क, सीट, रिम सगळं धरून चौदा भरली. पोरगं म्हणालं, “मामा, ही सायकल हाय का बोर्ड?” आम्ही तिरप्या नळीवरचं एक मोठं ठेवलं, बाकीची काढली. तेवढ्यानं सायकल निम्मी हलकी वाटायला लागली, वजनात नव्हे, बघण्यात.

> थांबा: सायकल वर्षभरात विकायची असेल तर नाव काढू नका. जुनी सायकल घेणारा आधी कंपनी विचारतो. शासकीय योजनेतून मिळालेली असेल तर शाळेत विचारल्याशिवाय काही काढू नका.

२. नाव कुठल्या थरात आहे ते ओळखा

सगळं काम या एका गोष्टीवर अवलंबून आहे आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. नाव चार प्रकारे बसवलेलं असतं:

क. रंगावर वरून चिकटवलेलं स्टिकर. अक्षराच्या कडेवरून नख आडवं फिरवा. नख अडखळलं, कडेला बारीक पायरी लागली तर ते वर आहे. हे निघतं.

ख. लॅकरखालचं स्टिकर. रंगावर स्टिकर, त्यावर पारदर्शक लॅकरचा थर. नख अडखळत नाही, फार तर हलका उंचवटा जाणवतो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. चकाकी अक्षरावरून भोवतालच्या रंगावर न तुटता सरकत गेली तर वर लॅकर आहे. हे सोलून निघत नाही.

ग. रंगानंच काढलेलं नाव. साचा लावून मारलेलं. यालाही लॅकरखालच्याचाच नियम.

घ. धातूचा बिल्ला. हँडलखालच्या आखूड नळीवर असतो, रिव्हेटनं किंवा डिंकानं बसवलेला.

एकाच सायकलवर दोन-तीन प्रकार असू शकतात. तिरप्या नळीवरचं मोठं नाव लॅकरखाली आणि मॉडेलचं छोटं नाव वरून, हे नेहमीचं. त्यामुळे प्रत्येक नावावर नख फिरवा. एकावरून सगळ्यांचा निकाल लावू नका.

माझी फजिती इथलीच. भाच्याच्या निळ्या सायकलच्या मागच्या बारीक नळीवर एक छोटं नाव होतं. नख न फिरवता मी ते स्टिकर धरलं आणि घरात रंगकाम चालू होतं म्हणून पेंटरच्या डब्यातलं थिनर फडक्यावर घेतलं. चार वेळा घासलं. नाव होतं तसंच होतं, फडकं मात्र निळं झालं. पाचव्यांदा घासल्यावर खालचा राखाडी प्रायमर दिसला. पोरगं शेजारी उभं राहून बघत होतं, काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

३. याला हात लावायचा नाही

कोरं करायच्या भरात लोक कामाच्या खुणाही पुसून टाकतात.

फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना पायडलच्या ॲक्सलच्या घराखाली कोरलेला असतो. काहींना सीटखालच्या किंवा हँडलखालच्या नळीवर. त्यावर घासकाम नाही, रंगाचा जाड थरही नाही. सायकल चोरीला गेली तर तक्रारीत हाच नंबर लागतो, आणि नाव काढलेल्या सायकलची तर ती एकच ओळख उरते. आत्ताच सायकल उलटी करून फोटो काढा आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवून द्या.

सीटच्या दांडीवर एक आडवी रेघ असते. दांडी किमान तेवढी आत असली पाहिजे, असं ती सांगते. ती घासून टाकली तर पुढच्या वेळी कुणीतरी सीट प्रमाणापेक्षा वर काढेल आणि दांडी वाकेल, नाहीतर फ्रेम चिरेल. हँडलच्या उभ्या दांडीवरची खूणही तशीच.

टायरवर हवेचा दाब लिहिलेला असतो, तो राहू द्या. टायरवरच्या कंपनीच्या नावाचाही एक उपयोग आहे. टायर चढवताना ते नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी आणून बसवतात. पंक्चर झालं की ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं आणि टायरवर नावापासून तेवढंच मोजायचं. बाभळीचा काटा तिथंच सापडतो. आपल्याकडे याची गरज आठवड्याला पडते.

बिल्ला रिव्हेटचा असेल तर तोही राहू द्या. ड्रिल मारून रिव्हेट काढली की नळीला दोन भोकं पडतात, त्यातून पाणी आणि धूळ आत जाते. ड्रिल जरा जोरात गेलं तर आतल्या फोर्कच्या नळीला लागतं.

४. सामान आणि वेळ

सामान साधं आहे. लातूरच्या गंजगोलाई बाजारात एका फेरीत मिळेल, निम्मं घरातच असेल.

- हेअर ड्रायर (हीट गन नको)
- मुदत संपलेलं प्लास्टिकचं एटीएम कार्ड, कडा बोथट केलेली
- खोबरेल तेल
- आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच
- जुन्या सुती बनियनचे चार तुकडे, पांढरेच. रंग सुटला तर त्यावर लगेच कळतो
- रबिंग कंपाउंड आणि वॅक्स पॉलिश, गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून
- दोन प्लास्टिक पिशव्या आणि रबरबँड

सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, चिकटपणा राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोल या कामातून बाद. पहिले दोन रंग खातात, तिसरं रंगही खराब करतं आणि जीवही घेऊ शकतं.

वेळ महत्त्वाची. स्टिकरचा डिंक कोमट असताना मऊ असतो, थंडीत व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, कडक होऊन तुकड्यांत तुटतं. डिसेंबरच्या सकाळी हे काम काढू नका, दुपारचं ऊन पडू द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं असतो, तेव्हा उलट सकाळी आठ-साडेआठला पंधरा मिनिटं ऊन दाखवलं की फ्रेम तयार होते. मग सायकल सावलीत घ्या. दुपारी बाराच्या उन्हात केलं तर तेल आणि अल्कोहोल काम करायच्या आत वाळून जातं. ऊन बरोबर बसलं तर ड्रायरही लागत नाही, आणि लाइट जाण्याची भीतीही नाही.

आधी सायकल धुवा. काळ्या मातीच्या धुळीत बारीक खडे असतात. त्यावर कार्ड फिरवलं तर कार्डानं नाही, खड्यांनी ओरखडे पडतात. बोअरच्या पाण्यात क्षार असले तर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात जारच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं मारा. अर्ध्या बादलीत सगळं होतं.

> तपासा: डिस्क ब्रेक असतील तर दोन्ही डिस्कवर पिशव्या चढवून रबरबँड लावा. साधे ब्रेक असतील तर रिमची कड झाकून घ्या. इथं तेलाचा थेंब लागला तर ब्रेक धरत नाही. हे काम तेल उघडायच्या आधी करा, नंतर नव्हे.

स्टिकरचे फोटो शेजारी पट्टी धरून काढून ठेवा. पुढे मन बदललं तर रेडियमवाल्याला तसंच नाव कापायला सांगता येतं.

५. सोलणं

अ) लपलेल्या जागेपासून सुरुवात. पायडलजवळचं किंवा मागच्या बारीक नळीवरचं सगळ्यात छोटं स्टिकर निवडा. हात तिथं बसू द्या.

आ) ड्रायर नळीपासून वीतभर लांब धरा आणि हलवत ठेवा. अर्धा-एक मिनिट पुरतं. तळहात ठेवून दहा आकडे मोजता आले पाहिजेत. चटका बसून हात उचलावा लागला तर जास्त तापलंय, थांबा.

इ) एका कोपऱ्याला नखानं उचला. नख जात नसेल तर कार्ड जवळजवळ आडवं धरून हळूच सरकवा.

ई) आता मुख्य गोष्ट. सुटलेला कोपरा वर ओढायचा नाही, मागं ओढायचा. पाठीमागं दुमडून नळीला समांतर, सावकाश. वर ओढलं की व्हिनाइल ताणून तुटतं किंवा खालचा सैल रंग घेऊन येतं. कोपऱ्यापासून पुढं बोटभर सुटलं की पुन्हा ऊब द्या, पुन्हा बोटभर.

उ) तुटलं तर तिथंच कोरत बसू नका. अक्षराच्या दुसऱ्या टोकाकडून या.

जाड, फुगीर, चमकीच्या अक्षरांखाली फोमचा डिंक असतो. त्यांना कार्ड लागू पडत नाही. नायलॉनचा बारीक दोरा दोन्ही हातांत ताणून अक्षरामागून करवतीसारखा ओढा.

> सावध: स्टिकरसोबत रंगाचा कपचा आला तर ताबडतोब थांबा. तिथला रंग आधीच फ्रेमपासून सुटलेला आहे आणि पुढंही सुटणार. ते स्टिकरच त्या रंगाला धरून आहे, राहू द्या.

कार्बनची फ्रेम असेल तर हलकी ऊब, बोट आणि नख, एवढंच. कार्डही जपून. पॉलिश पेपर, ब्लेड, पेंट रिमूव्हर यातलं काहीही नको, कारण लॅकरखाली लगेच कार्बनचे धागे असतात आणि फ्रेमची ताकद त्यांच्यात असते.

रिमवरची स्टिकरं काढायची असतील तर दोन्ही चाकांची, दोन्ही बाजूंची काढा. एका बाजूची राहिली तर सायकल चालताना चाक वेडंवाकडं फिरल्यासारखं दिसतं. डिंकही तिथं तेलानं काढायचा नाही, फक्त अल्कोहोलनं.

६. डिंक

स्टिकर निघालं की लोकांना काम झालं असं वाटतं. उघड्या डोळ्यांना काही दिसत नाही, सायकल बाहेर जाते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच नाव धुळीनं परत उमटतं, अक्षर न् अक्षर. औसा रोडला एक चक्कर मारून आलेल्या पांढऱ्या सायकलवर मी हे बघितलंय. मूळ स्टिकरपेक्षा ठळक दिसत होतं.

डिंकावर खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि पंधरा मिनिटं विसरून जा. थंडीत तेल गोठलेलं असेल तर डबी आधी उन्हात ठेवा. मग अंगठ्यानं गोल गोल चोळा. डिंकाच्या शेवया वळून निघतात. फडक्यानं घासलं तर त्या पसरतात, म्हणून आधी अंगठाच. मोठ्या शेवया निघाल्या की कोरड्या फडक्यानं तेल टिपा. नंतर दुसऱ्या फडक्यावर अल्कोहोल घेऊन एकाच दिशेनं पुसा. फडक्यावर रंग उतरतोय का ते पहिल्या पुसण्यातच बघा. उतरत असेल तर अल्कोहोल बंद, साबणाचं कोमट पाणी चालू. शेवटी साबणानं तेलाचा मागमूस काढा.

> तपासा: स्वच्छ, कोरडं बोट जागेवरून सरकवा. काचेवरून जातं तसं गेलं पाहिजे. थोडंही थांबलं तर पुन्हा तेलापासून.

७. उरलेली सावली

डिंक गेला तरी नाव दिसतंय? तो रंग आहे. भोवतालचा रंग उन्हानं फिकट झाला आणि स्टिकरखालचा मूळ रंग तसाच राहिला. लाल आणि निळ्या सायकलींवर हे जास्त ठळक दिसतं. दोन-तीन उन्हाळे बाहेर उभ्या राहिलेल्या सायकलला सावली असणारच, हे काढायच्या आधीच धरून चाला.

चकचकीत रंगावर रबिंग कंपाउंड चालतं. पण घासायचं कुठं? इथं डोकं उलटं चालतं. लोक अक्षराच्या सावलीवर घासतात. ती तर चांगली जागा आहे! घासायचं भोवतालच्या फिकट रंगावर, म्हणजे वरचा मेलेला थर निघून तो सावलीच्या जवळ येतो. ओलसर फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड, एका वेळी वीतभर जागा, हलक्या हातानं दहा-बारा फेरे, पुसून बघा. जोडांच्या आणि कोपऱ्यांच्या ठिकाणी रंगाचा थर पातळ असतो, तिथं जायचं नाही. हे सावलीत करा, उन्हात कंपाउंड वाळून पावडर होतं. शेवटी वॅक्स.

सावली पूर्ण जाईलच असं नाही. निम्मी गेली तरी दहा पावलांवरून दिसत नाही, आणि उरलेली पुढच्या उन्हाळ्यात आणखी फिकी पडते.

> सावध: मॅट रंगावर कंपाउंड, पॉलिश, वॅक्स यातलं काहीही नाही. घासलेली जागा चमकायला लागते आणि ती चमक परत मॅट होत नाही. मॅट सायकलवर सावली राहिली तर राहू द्या.

८. लॅकरखालचं नाव

इथं माझा सल्ला सरळ आहे: काढू नका, झाका. रेडियमच्या दुकानात फ्रेमच्या रंगाचं साधं व्हिनाइल मिळतं. नळीचा घेर दोऱ्यानं मोजा, पट्टी तेवढीच कापून घ्या आणि जोड नळीच्या खालच्या बाजूला आणा. रंग हुबेहूब जुळत नसेल तर जवळपासचा घेऊ नका, सरळ वेगळा घ्या. जवळपासचा रंग ठिगळ दिसतो, वेगळा रंग मुद्दाम केलेला दिसतो.

पॉलिश पेपरनं लॅकर घासून नाव काढता येतं, पण मग पूर्ण फ्रेम रंगवावीच लागते. तेवढ्या तुकड्यावर स्प्रे मारून काम भागत नाही, कड दिसतेच. शिवाय फ्रेमला वॉरंटी असेल तर पुन्हा रंगवल्यावर अनेक कंपन्या ती मानत नाहीत. पुस्तिका आधी वाचा.

रंगवायचंच ठरलं तर एमआयडीसीत कपाटं आणि ग्रिलना पावडर कोटिंग करणारे असतात. लोखंडी फ्रेमला ते टिकाऊ पडतं. देण्याआधी सायकलचा सगळा सांगाडा मोकळा करा. बेअरिंग, ग्रीस, प्लास्टिक काहीही राहता कामा नये, कारण भट्टी १८० अंशांच्या आसपास तापते. आटे झाकून घ्यायला आणि फ्रेम नंबरवर पातळ थर ठेवायला तोंडी नाही, कागदावर लिहून द्या. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर सायकलच्या फ्रेम पूर्वी केल्यात का ते विचारा, नसतील तर देऊ नका. कार्बन भट्टीत कधीच नाही.

९. कोरी झाली, आता रात्रीचं बघा

अनेक स्टिकरांत चमकणारी चंदेरी पट्टी असते. ती काढली म्हणजे रात्री दिसणारी सायकल तुम्ही अंधारात घातली. हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या चालतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याला समोरून येणारी जीप जेमतेम बघते. कंपनीनं दिलेले रिफ्लेक्टर काढू नका. वर रेडियमची बोटभर रुंद पट्टी लावा: फोर्कवर पांढरी, मागच्या उभ्या नळ्यांवर लाल. काळ्या सायकलला काळं रेडियमही मिळतं. दिवसा कोरी दिसते, उजेड पडला की पांढरी चमकते.

लावताना जागा अल्कोहोलनं पुसा, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, पट्टी ठेवून सरकवत जागेवर आणा आणि मधून कडेकडे एटीएम कार्डानं पाणी काढा. कोरडी लावली तर बुडबुडे राहतात. नंतर एक दिवस धुवायची नाही.

डिस्कवरच्या पिशव्या काढा. सायकलवर बसायच्या आधी पायी ढकलत चार पावलं जाऊन पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. ब्रेक सरकला किंवा किंचाळला तर डिस्क किंवा रिम अल्कोहोलनं स्वच्छ फडक्यावर पुसा, पुन्हा बघा. डिस्कच्या पॅडनं तेल प्यायलं असेल तर ते पुसून जात नाही, पॅड बदलावे लागतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन तिरपं असताना सायकल बाहेर उभी करा आणि धूळ कुठं बसलीय ते बघा. कुठं अक्षर दिसलं तर तेलाची डबी परत बाहेर काढा.